दाजी, तो माणूस लंगडत नव्हता

दाजी,

परवा रविवारी सवयीनं घोरावाडीला लोकल धरली आणि लोणावळ्याला उतरलो. पूल ओलांडून पलीकडे गेल्यावर लक्षात आलं, की गाडीत बसल्या बसल्या मी एक मुद्दा तयार करून ठेवलाय. कशावरचा ते सांगत नाही. तुम्ही नसताना तो फारच बिनतोड वाटतोय, आणि माझा मुद्दा बिनतोड वाटायला लागला की कुठंतरी भोक असतं, हे पंचवीस वर्षांत तुम्हीच दाखवून दिलंत.

दार अक्कानं उघडलं.

"ये. भांडायला आलास?"

"नाही गं."

"मग बस. चहा टाकते. माझ्याशी हुज्जत घालू नकोस. मला कायदा येत नाही आणि तुला काहीच येत नाही."

सतरा दिवसांपूर्वी नवरा गेलेली माझी बहीण एवढं बोलून आत गेली, आणि चहा यायला बराच वेळ लागला. मीही आत गेलो नाही. दारामागच्या खुंटीवर तुमचा काळा कोट होता. चहा देताना ती म्हणाली, "इस्त्रीला द्यायचा राहिलाय. देऊ का?" मी म्हटलं, "दे."

तुम्ही कुठं शिकलात, किती वर्षं वकिली केलीत, मागं कोण आहे, हे सगळं पेपरातल्या चौकटीत छापून आलंय. 'मितभाषी' असंही छापलंय. तो शब्द कुणी घातला माहीत नाही, पण त्यानं तुमच्याबरोबर एकदाही जेवण केलेलं नसणार. ताटावर बसल्यावर तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून एवढं बोलायचात, की अक्का कालवण दोनदा गरम करायची. मला सांगायचंय ते त्या चौकटीत बसणारं नाही. गेली सहा वर्षं दर रविवारी ते मी लोणावळ्यापर्यंत आणायचो आणि तसंच परत घेऊन जायचो.

मी गोष्टी सांगणारा माणूस. नोकरी देहूरोडच्या डेपोत, स्टोअरची कारकुनी, म्हणजे दिवसभर नटबोल्ट मोजायचे. तिथं एक बोल्ट जास्त लिहिला तर मेमो येतो. म्हणून असेल, पण डेपोच्या गेटबाहेर पडलो की मी मोजणं सोडून देतो. साखरपुडा असो, बारसं असो, मांडव असो, "नाना, ती गोष्ट सांगा की" म्हटलं की मी सुरू. प्रत्येक वेळी थोडं मीठ जास्त. लोक हसतात, बायका पदर तोंडाला लावतात, आणि मला वाटतं, चला, आपला जन्म अगदीच बोल्टात गेला नाही.

गावच्या देवळातून भैरोबाचा चांदीचा मुखवटा गेला, त्या पहाटे मी स्टेशनकडं निघालो होतो. भातकापणी उरकली होती, शिवारात पेंढ्या रचलेल्या होत्या, धुकं होतं. देवळाच्या अंगानं एक माणूस पाठीवर पोतं घेऊन ओढ्याकडं उतरताना दिसला. पाठमोरा. मी त्याला पाहिलं, गाडीची वेळ झाली म्हणून पुढं गेलो. संपलं. पाहिलं ते एवढंच.

संध्याकाळी गावात आलो तर हाहाकार. तो मुखवटा काही विकत आणलेला नव्हता. घराघरातल्या बायकांनी पैंजण, जोडवी, मोडके कुंकवाचे करंडे काढून दिले होते, त्याचा ओतवला होता. माझ्या आईचं एक पैंजण त्यात होतं. पोलीस आले, मी पहिला जबाब दिला: पोतं घेतलेला माणूस, चेहरा दिसला नाही.

मग मी ती गोष्ट सांगायला लागलो.

चहाच्या टपरीवर सांगताना तो माणूस ओझ्यानं वाकला. डेपोत सांगताना तिरका चालायला लागला. आठवड्याभरानं चुलत्याच्या नातीच्या साखरपुड्यात पंगत उठल्यावर सगळे भोवती बसले, आणि मी उठून उभा राहिलो, उशी पाठीवर घेतली आणि त्याची चाल करून दाखवली. आता नुसतं चालून दाखवण्यात काय मजा? पाय ओढला. हशा झाला. पुन्हा ओढला, आणखी हशा. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्यो तर धारवाला! तो लक्ष्मन! लंगडा न्हाई का तो?"

हसणं थांबलं. मीच कसा थांबलो ते मला अजून आठवतं. उशी पाठीवरच होती.

लक्ष्मण कापणीच्या हंगामात दरवर्षी यायचा. सायकलवर धारेचं चाक, विळे-कोयते लावून द्यायचा. देहूरोडला खोली घेऊन राहायचा, मूळचा लांबचा. पाय लहानपणीच अधू झालेला. चोरीच्या आठवड्यात तो गावात येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला उचललं. माझा पुरवणी जबाब झाला. "लंगडत होता?" मी म्हटलं, "होय." एवढ्या लोकांसमोर उशी घेऊन लंगडलेला माणूस आणखी काय म्हणणार? आणि खरं सांगू का, तोवर मलाही तो धुक्यात लंगडतानाच दिसत होता.

ग्रामसभेत ठरलं: ह्या माणसाचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. देवस्थानचे आबा उठून बोलले, "देवाच्या चोराला वकील कशापायी? जो घील त्याचा नि गावाचा संबंद न्हाई." हात वर झाले. माझाही होता.

तालुक्याच्या कोर्टात त्याला सरकारी मदतीतून वकील द्यायचा होता. मी भांडायला आलो तेव्हा तुम्हीच सांगितलंत, की यादीतल्या दोघांना एकाच दिवशी ताप आला, आणि न्यायाधीश बाईंनी "कोण घेतंय?" विचारल्यावर बाकीच्यांना आपापल्या फायलीत काहीतरी महत्त्वाचं सापडलं. तुम्ही उभे राहिलात. गावचा जावई.

मी रागानं लोणावळ्याला आलो ते आठवतंय? चप्पलही धड काढली नव्हती.

"दाजी, देवाची चोरी झालीय. असल्याला वकील?"

"देवाला नकोय वकील. त्याचं भागतंय. याला हवाय."

"चोराची बाजू घेणार तुम्ही?"

"मेव्हणे, वकील चोराला नसतो, आरोपीला असतो. चोर कोण ते शेवटी ठरतं. तुम्ही लोक आधी ठरवता आणि मग कोर्टाला म्हणता, लवकर आटपा."

मग भाकरीचा तुकडा हातात आणि तुमचं सुरू. एका महायुद्धात माणसांना माणसांनी काय केलं ते पाहून जगातल्या देशांनी बसून लिहून काढलं, की आरोप कुणावरही असो, तो काय आहे ते त्याला समजलं पाहिजे. त्याची बाजू मांडायला कुणीतरी पाहिजे. जो त्याच्याविरुद्ध बोलतो त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत. खटला उघड्यावर चालला पाहिजे, वेळेत चालला पाहिजे, आणि शाबीत होईपर्यंत तो निर्दोष. "देश मोठे. लिहून मोकळे झाले," तुम्ही म्हणालात. "पाळायचं कुठं? आमच्या तालुक्याच्या कोर्टात, पंखा बंद असलेल्या खोलीत. म्हणजे शेवटी ते माझ्या अंगावर आलं."

मी म्हटलं, "आईचं पैंजण होतं त्यात."

तुम्ही तुकडा ताटात ठेवलात. "माहीत आहे," म्हणालात. "म्हणूनच चुकीचा माणूस आत जाता कामा नये." आणि लगेच, "आता या विषयावर माझ्याशी बोलायचं नाही. तुम्ही साक्षीदार आहात. खटला संपेपर्यंत हवापाण्यावर बोलू."

लोणावळ्यात हवापाण्यावर बोलायला काय तोटा! पण आपण चौदा महिने फक्त त्यावरच बोललो. लक्ष्मण चौदा महिने आत होता. तुम्ही जामीन मिळवलात, पण त्याला जामीन राहायला कुणी तयार होईना.

मधे जत्रा आली. आपल्याकडं जत्रेला गावच्या जावयांना देवळापुढं बसवून फेटे बांधतात. तुम्ही आलात, ओळीत बसलात. फेटेवाला तुमच्या शेजाऱ्यापर्यंत आला, आबांकडं बघितलं, आणि तुम्हाला ओलांडून पुढच्या जावयाकडं गेला. अक्का बायकांत बसली होती, तिनं मान खाली घातली. तुम्ही शेवटपर्यंत उघड्या डोक्यानं बसून राहिलात आणि उठताना मला म्हणालात, "बरं झालं. उन्हाळ्यात डोक्याला वारा लागला." मी हसलो नाही. मला वाटलं, बसा आता. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं ते वाटलं होतं.

आणि मग ती तारीख. तुम्ही उठून आधी सांगितलंत, "साक्षीदार माझे सख्खे मेव्हणे आहेत, नोंद व्हावी." न्यायाधीश बाईंनी तुमच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, म्हणाल्या, "घरी काय ते बघा, इथं विचारा." आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला 'साक्षीदार' म्हणालात आणि मी तुम्हाला 'वकीलसाहेब'. पाठीमागं अर्धं गाव. मी मांडवात उभा राहतो तसा पिंजऱ्यात उभा.

"धुकं होतं का?"

नुसतं 'होतं' म्हणायचं ना! पण एवढं गाव ऐकायला बसलेलं.

"अहो वकीलसाहेब, काय सांगू! असलं धुकं, असलं धुकं, की स्वतःचा हात लांब केला तर दिसत नव्हता!"

बाई म्हणाल्या, "विचारलं तेवढंच." पण तुम्ही हळूच म्हणालात, "असू द्या, महोदया. लिहून घ्यावं." आणि टंकलेखक लिहीपर्यंत थांबलात. मला वाटलं, आपलं वर्णन आवडलं.

"स्वतःचा हात दिसत नव्हता."

"नव्हता."

"मग ओढ्याकडं उतरणाऱ्या माणसाचा पाय कसा दिसला?"

कोर्टात हशा झाला, दाजी. मी उभ्या जन्मात एवढा हशा मिळवला नव्हता. पहिल्या जबाबात लंगडणं का नाही, तेही तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, नंतर आठवलं. तुम्ही माझ्याकडं नुसतं पाहिलंत. वकिलासारखं नाही, अक्काच्या नवऱ्यासारखं. आणि म्हणालात, "आणखी प्रश्न नाहीत."

लक्ष्मण सुटला. संशयाचा फायदा मिळून सुटला. तो शब्द गावानं बरोबर पकडला. "फायदा मिळाला त्याला. जावयानं शब्दात पकडलं नानाला, आन् चोर सोडवला." मुखवटा आजतागायत सापडला नाही. लक्ष्मण पुढच्या कापणीला आला तर त्याला कुणी विळा दिला नाही. वेशीवरून परत गेला. मावळातली बाकीची गावंही मग त्याला बंद झाली, कारण गोष्ट माझ्यापेक्षा जोरात फिरते.

मी वर्षभर तुमच्याशी बोललो नाही. माझा पाणउतारा केलात ना! शेवटी फोन तुम्हीच केलात. "मेव्हणे, रविवारी या. इथं सगळे माझ्याशी सहमत व्हायला लागलेत, तब्येत बिघडेल." मी आलो. अक्कानं तीन ताटं मांडली.

त्यानंतरही ती गोष्ट आपल्यात कधी निघाली नाही. एकदाच, धरणाच्या बाजूला फिरायला गेलो होतो. पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, त्यातून वाट काढत चालताना तुम्ही म्हणालात, "कोर्टानं त्याला सोडलं. गावानं नाही सोडलं. त्याचं अपील कुठं करायचं, मला अजून कळलेलं नाही." थोडं चाललो. "मेव्हणे, एक विचारू?"

"विचारा."

मला माहीत होतं काय येणार. मी सांगणारही होतो, देवाशपथ. पण तुम्ही माझ्या तोंडाकडं पाहिलंत आणि म्हणालात, "कणीस खाणार?"

आपण कणसं खाल्ली. तुम्ही मला सोडून दिलंत ते मायेनं, की साक्षीदाराला कोर्टाबाहेर प्रश्न विचारायचे नाहीत ह्या तुमच्या नेमानं, ह्यावर मला तुमच्याशी भांडायचं होतं. विचारलं असतंत तर बरं झालं असतं. तुमच्यावर माझी एवढी एकच तक्रार आहे. बाकी सगळ्या गोष्टींत मी चुकीचा होतो, हे एकदम कबूल करतो, म्हणजे पुन्हा पुन्हा करायला नको.

दशक्रियेला इंद्रायणीच्या घाटावर आपलं गाव दोन जीप भरून आलं होतं. जावई तो जावईच. विधी झाल्यावर माईक आला. भाषणं झाली. आबाही बोलले. आता थकलेत, हात कापतो, कुणीतरी माईक धरला होता. "दाजी मानूस लाकात एक. एकच गोष्ट गावाला लागली. देवाचा चोर त्यांनी सोडिवला. पन जाऊ द्या. मेल्या मानसावर राग धरू नये. भैरोबा त्यांना पदरात घेवो."

तुम्हाला माफी दिली, दाजी. तुमच्याच दहाव्याला. अक्का ऐकत होती.

मग म्हणाले, "नाना, बोला दोन शब्द." आणि समोरची माणसं जरा सावरून बसली. त्यांना माहीत होतं, नाना बोलला की डोळ्यांत पाणी येणार आणि मधेच हसूही. माझ्या डोक्यात तुमच्या दोन गोष्टी तयार होत्या. चांगल्या होत्या. मी माईक घेतला आणि म्हणालो, "तो माणूस लंगडत नव्हता."

कुणाला कळलंच नाही. मी पुन्हा म्हणालो, "त्या पहाटे मी पाहिला तो माणूस लंगडत नव्हता. मला दिसत होतं. मी लोकांना हसवायला लंगडलो. लक्ष्मणाचा काही संबंध नाही. दाजींनी चोर सोडवला नाही."

मग कुणीतरी खाकरलं, आणि सूत्रसंचालकानं पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं.

नंतर आबा जवळ आले. माझा दंड धरला. डोळे भरलेले होते. "नाना, लय जीव लावला तुमी दाजींना. त्यांच्या नावाला बोल नको म्हनून सोताच्या अंगावर घेतलं. असा मेव्हना मिळाया भाग्य लागतं."

"आबा, खरं सांगतोय."

"व्हय, व्हय. आमाला कळतंय. आता घरी जा, दोन घास खावा."

एकेक जण येऊन माझा हात हातात घेऊन गेला. खोटं सांगितलं तेव्हा सगळ्या गावानं ऐकलं, पोलिसांनी लिहून घेतलं, एक माणूस चौदा महिने आत गेला. खरं सांगितलं तर माझं कौतुक झालं. एवढ्या माणसांत माझ्यावर विश्वास न ठेवणारा, म्हणून माझं नीट ऐकणारा माणूस एकच होता, आणि त्याच्याच दहाव्याला आम्ही जमलो होतो. घरी मंडळीही म्हणाली, "चांगलं बोललात. दाजींना बरं वाटलं असेल." मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि औषधाची गोळी दिली.

काल डेपो सुटल्यावर लक्ष्मणाला शोधायला गेलो. आता बाजाराच्या तोंडाशी ताडपत्रीखाली बसतो. सायकल नाही, विजेचं चाक आहे. शिंप्याची कात्री लावत होता. मी समोर उभा राहिलो.

"ओळखलं का?"

"तुमाला न वळखून कसं चालंल? चौदा म्हैने तुमचंच तोंड डोळ्यापुढं हुतं." चाक थांबवलं नाही. "वकीलसाहेब गेले म्हनं."

"गेले."

"येनार हुतो घाटावर. तुमचं गाव असंल म्हनून न्हाई आलो."

मी सांगितलं. मीठ न लावता सांगितलं, त्यामुळं दोन वाक्यांत संपलं. तो कात्री बोटावर तपासत राहिला.

"मला काय सांगता? मी तितं नव्हतोच. मला ठाव न्हाई व्हय? गावाला सांगा."

"सांगितलं. दहाव्याला, माईकवर. पटलं नाही कुणाला."

"किती डाव सांगितलं?"

"एकदाच."

त्यानं चाक बंद केलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"आन् ती लंगड्याची गोष्ट किती डाव सांगितलीवती?"

दाजी, तुमच्यासारखाच विचारतो तो. छोटा प्रश्न, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.

म्हणून हे लिहितोय. मंडळीला आणि त्याला सांगितलं ते सोडलं, तर ही दुसरी वेळ. अक्काला आज वाचून दाखवेन, ती तिसरी. सोमवारी ग्रामसभा आहे, तिथं पुन्हा. टपरीवर, डेपोत, पुढच्या साखरपुड्यात. लोक कंटाळतील, "नाना, दुसरी सांगा की" म्हणतील. धुकं होतं, पण विरळ. ओढ्यापर्यंतचं दिसत होतं. एक माणूस पाठमोरा, पाठीवर पोतं. चेहरा दिसला नाही. दोन्ही पाय नीट टाकत, सरळ चालत उतरला. मी पाहिलं ते एवढंच.